डॉक्टरांची उजळणी

ह्या वेळचा विषय पाहून काही वाचक पान उलटतील, ह्याची आम्हांस कल्पना आहे. कर्करोग हा शब्द आपल्या घरांतून अद्याप मोठ्याने उच्चारीत नाहीत. 'त्यांना ते झाले आहे' असे म्हणताना आवाज खाली येतो, आणि खोलीत मुले असली तर तेवढेही कोणी म्हणत नाही. परंतु आज आम्हांस जे सांगावयाचे आहे ते त्या रोगाविषयी तितकेसे नसून डॉक्टर कसे शिकतात ह्याविषयी आहे. आमचा जन्म शिकविण्यात गेला. दुसरा मनुष्य कसा शिकतो हे न्याहाळण्याची खोड निवृत्तीनंतरही सुटत नाही.

आमचे वडील बंधू, ज्यांस सारे घर दादा म्हणे, ते २०२२ च्या जून महिन्यात जिना चढताना मधल्या पायरीवर थांबू लागले. वय ७१. आमचे घरचे डॉक्टर हे एके काळचे आमचेच विद्यार्थी. त्यांनी रक्त तपासविले. हिमोग्लोबिन ९.२ निघाले, तेव्हा लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी आकडा १०.४ झाला, आणि घरात सर्वांस समाधान वाटले. मध्यंतरी ऑगस्टात दादांस शौचाच्या वेळी रक्त दिसले. त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर नव्हते, त्यांचे तरुण सहकारी होते. त्यांनी मूळव्याधीचे मलम लिहून दिले. ऑक्टोबरात पोट कधी बांधलेले, कधी सुटलेले, त्यावर इसबगोल. डिसेंबरात वहिनींच्या ध्यानात आले की, दादांच्या पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले आहे. २०२३ च्या जानेवारीत पुतण्या पुण्याहून आला, वडिलांकडे पाहिले आणि त्यांस सरळ गाडीत घालून घेऊन गेला. दुर्बिणीच्या तपासणीत गुदाशयाचा कर्करोग निघाला. तो यकृतापर्यंत पोहोचला होता. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी दादा गेले.

जूनपासून जानेवारीपर्यंत सात महिने. ह्या सात महिन्यांत दादा चार वेळा त्या दवाखान्यात गेले होते, आणि चारही वेळा त्यांस वेगळ्या तक्रारीचे वेगळे औषध मिळाले.

आता आमचा स्वतःचा भाग सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. रक्ताची गोष्ट दादांनी डॉक्टरांच्याही आधी आम्हांस सांगितली होती, संध्याकाळच्या फिरण्यात, पुलाच्या कठड्याशी उभे राहून. आम्ही त्यांस सुरण खाण्याचा सल्ला दिला. एवढ्यावर न थांबता सुरणास संस्कृतात 'अर्शोघ्न', म्हणजे मूळव्याधीचा नाश करणारा, असे नाव आहे हे मोठ्या अभिमानाने सांगितले, आणि त्या शब्दाची फोडही करून दाखविली. दादा हसले. त्यानंतर दोन महिने आमच्या घरात सुरणाची भाजी होत होती. विद्येचा असा उपयोग कोणाच्या हातून होऊ नये. पण तो आमच्या हातून झाला.

दादा गेल्यावर डॉक्टरांस आम्ही कळविले नाही. त्यांस ते वर्तमानपत्रातील निधनवार्तेवरून कळले. पुतण्या संतापलेला होता. ग्राहक मंचाकडे दाद मागावी असे त्याचे मत होते. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिलेला आहे, आणि तो मार्ग वाईट आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आम्ही स्वतः मात्र तोंड लपवून बसलो. विद्यार्थ्याला जाब कसा विचारावा हा एक संकोच. आणि विचारला तर सुरणाचे नाव निघेल ही दुसरी भीती.

मार्ग काढला तो वहिनींनी. मासिक श्राद्ध झाल्यावर एके सकाळी त्यांनी दादांची कागदांची कापडी पिशवी उचलली आणि आम्हांस म्हणाल्या, "भावजी, चला माझ्याबरोबर. त्याला काय झालं ते कळायला नको का? तो उद्या दुसऱ्या कुणाला तेच मलम देईल." ह्या वाक्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही चपला पायांत घातल्या.

डॉक्टरांनी रोग्यांस थांबावयास सांगून आम्हांस आत घेतले. वहिनींनी पिशवी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी सारे कागद तारीखवार लावले. आपल्या दवाखान्यातील केसपेपर काढून मध्ये मध्ये ठेवले. जून, ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर. टेबलावर ती ओळ पूर्ण झाली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, हे चारही कागद मी एका वेळी आज पहिल्यांदाच पाहतो आहे." नंतर जूनच्या रक्ताच्या अहवालावर बोट ठेवून म्हणाले, "आणि हे पाहा. प्लेटलेट ५ लाख २० हजार. मी हिमोग्लोबिन पाहिलं आणि पान उलटलं." शेवटी, मान खाली घालून, "गुदद्वाराची बोटानं तपासणी करायला दोन मिनिटं लागतात. मी ती केली नाही. ते माझ्या सरांचे थोरले भाऊ. त्यांना तसं कसं सांगायचं, असं मला वाटलं."

वहिनींनी विचारले, "आधी कळलं असतं तर वाचले असते का?" डॉक्टर म्हणाले, "कदाचित. खात्रीनं 'हो' म्हणणं खोटं होईल, आणि 'नाही' म्हणणंही." आम्हांस हे उत्तर आवडले नाही, परंतु ते खरे होते, हे पुढे वाचन केल्यावर पटले.

निवृत्त मनुष्यास वाचनास वेळ पुष्कळ. डॉक्टरांनीच दिलेल्या कागदांपासून आम्ही आरंभ केला. त्यात पहिली समजूत मोडली ती ही की, उशीर म्हणजे अडाणीपणा. इंग्लंडातील घरच्या डॉक्टरांस वर्षाकाठी कर्करोगाचे नवे रोगी सहा ते आठच भेटतात. आणि थकवा, खोकला, पोटदुखी घेऊन येणारे मात्र हजारांनी. एक्सेटर येथील विल्यम हॅमिल्टन हे स्वतः असेच घरचे डॉक्टर. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ३४९ रोग्यांचे जुने केसपेपर उघडले, रोग ओळखण्यापूर्वी दोन वर्षांपर्यंत मागे गेले, आणि ज्यांस तो रोग नव्हता अशा १७४४ जणांच्या कागदांशी ते ताडून पाहिले. हे काम २००५ साली प्रसिद्ध झाले. शौचावाटे रक्त पडते म्हणून घरच्या डॉक्टरांकडे येणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या शंभर जणांत हा कर्करोग दोघातिघांनाच असतो, असे त्यातून निघाले. म्हणजे मलम देणारा तरुण डॉक्टर शंभरांत सत्त्याण्णव वेळा बरोबरच ठरणार! चुकीला बरोबर येण्याची एवढी सवय लागली म्हणजे ती चूक आहे हे कळावे कसे? परंतु रक्त पडणे, पांडुरोग आणि वजन घटणे ही एकाच माणसात एकत्र आली म्हणजे हिशेब पालटतो. आणि ती एकत्र दिसावयाची तर कागद एकत्र असावे लागतात.

दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक वाटली. २०१२ साली तेथील ४१ हजारांवर रोग्यांच्या उत्तरांची छाननी प्रसिद्ध झाली. रुग्णालयात पाठविले जाण्यापूर्वी घरच्या डॉक्टरांकडे तीन किंवा अधिक खेपा कोणास घालाव्या लागल्या, हा प्रश्न होता. स्तनाच्या कर्करोगात शंभरांत सुमारे सात जणींस. आणि अस्थिमज्जेतील मायलोमा नावाच्या रोगात शंभरांत एकावन्न जणांस! डॉक्टर तेच, दवाखाने तेच. गाठ हाताला लागते. मायलोमा पाठदुखीचे सोंग घेऊन येतो, आणि पाठ कोणाची दुखत नाही? तरुण माणसांस आणि स्त्रियांस अधिक खेपा घालाव्या लागल्या, हेही त्यात दिसले. आपल्याकडे असेच एक जुने सोंग क्षयाचे आहे. छायाचित्रात फुप्फुसावर डाग दिसला आणि खोकला जुना असला की क्षयाची औषधे सुरू होतात, कारण क्षय आपल्याकडे खरोखरच पुष्कळ आहे. आणि त्या औषधांच्या महिन्यांत फुप्फुसाचा कर्करोग आपली वाट चालत राहतो.

प्लेटलेटची गोष्टही जुन्या कागदांतूनच बाहेर आली. प्लेटलेट वाढलेल्या, चाळिशीपुढील पुरुषांत वर्षाच्या आत कर्करोग निघण्याचे प्रमाण शंभरांत अकरा-बारा आहे, आणि स्त्रियांत सहा, असे एक्सेटरच्याच अभ्यासकांनी २०१७ साली दाखविले. लोह कमी झाले तरी प्लेटलेट वाढतात, हे आमच्या डॉक्टरांनी सांगितले; तेव्हा केवळ त्या आकड्याने निर्णय होत नाही. पण तो आकडा वर्षानुवर्षे प्रत्येक अहवालावर छापून येत होता, आणि कोणी त्याकडे ह्या दृष्टीने पाहिले नव्हते.

पण कागद उघडणे एवढ्याने शिकणे होत नाही. गणिताच्या पुस्तकात शेवटी उत्तरे असतात. ती पाहून घेतल्यावर कोणतेही उदाहरण सोपे वाटते, आणि ज्याला ते सुटले नाही तो मठ्ठ वाटतो. दादांच्या मृत्यूनंतर आमच्या घरात सात महिने हाच खेळ चालला होता. खरा प्रश्न हा की, ऑगस्टाच्या त्या दिवशी, त्या खोलीत, बाहेर तीस रोगी खोळंबले असताना, त्या डॉक्टरास काय दिसत होते आणि काय दिसू शकले असते? हा प्रश्न एकट्याने स्वतःस विचारला तर मनुष्य एक तर स्वतःस निर्दोष ठरवितो, नाही तर जाळून घेतो. ब्रिटनमध्ये माइक प्रिंगल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ साली घरच्या डॉक्टरांसाठी एक रीत लिहून ठेवली. दवाखान्यात घडलेली एखादी महत्त्वाची घटना घ्यावी, दवाखान्यातील सर्वांनी, केवळ डॉक्टरांनीच नव्हे, एकत्र बसावे, आणि काय घडले, का घडले, त्यातून काय कळले व आता काय बदलणार, एवढेच बोलावे. उशिरा उमगलेले कर्करोग ह्या बैठकींस पुढे वारंवार विषय पुरवू लागले.

हे वाचताना आम्हांस ओळखीचे काही तरी भेटल्यासारखे झाले. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्याने वैद्याशी चर्चा करावी असे सांगितले आहे, आणि तिला 'तद्विद्यसंभाषा' हे नाव आहे. तिचे दोन प्रकार. स्नेहाने, एकमेकांस सांभाळून केलेली ती 'संधाय संभाषा'. जिंकण्यासाठी भांडून केलेली ती 'विगृह्य संभाषा'. पहिल्या प्रकारात आपले अज्ञान मोकळेपणाने उघडे करता येते. दुसऱ्यात ते झाकणे हेच कौशल्य. आमच्या पुतण्यास दुसरी हवी होती. त्याचा तो अधिकारही होता. परंतु मंचापुढे उभा राहिलेला डॉक्टर प्लेटलेटच्या आकड्यावर स्वतःहून बोट ठेवील काय? 'आमच्याकडे सारे पूर्वीच होते' असे म्हणण्याचा मोह येथे आम्ही आवरतो. कारण ग्रंथात असणे आणि पेठेतील दवाखान्यात असणे ह्यांत सुरण आणि शस्त्रक्रियेएवढे अंतर आहे.

आणि पेठेतील दवाखान्यात एक अडचण अशी आहे की, जी इंग्लंडातील डॉक्टरांस तितकी भेडसावत नाही. तेथे प्रत्येक मनुष्याचे नाव एका ठरावीक दवाखान्यात नोंदलेले असते. रोग कोठेही उमगला तरी रुग्णालयाचे पत्र घरच्या डॉक्टरांकडे परत येते. आपल्याकडे कागद रोग्याच्या पिशवीत. गुण आला नाही तर आपण डॉक्टर बदलतो, आणि पहिल्यास काही सांगत नाही. भिडेने सांगत नाही, रागाने सांगत नाही, किंवा 'आता काय उपयोग' म्हणून सांगत नाही. पहिला डॉक्टर समजतो, रोगी आला नाही म्हणजे बरा झाला असेल. ज्या मुलास आपली तपासलेली वही कधी परत मिळाली नाही, त्याने शुद्धलेखन सुधारावे कसे? आमच्या डॉक्टरांनी त्या दिवशी वहिनींस विचारले, "काकू, गेल्या वीस वर्षांत किती जणांच्या बाबतीत असं झालं असेल? मला माहीत असलेले पाच आहेत." बाकीचे कोठे गेले ते ज्या पिशव्यांस ठाऊक, त्या कोणाच्या तरी माळ्यावर आहेत.

दादांचे नाव न सांगता ही हकीकत आपल्या डॉक्टर मित्रांपुढे मांडण्याची परवानगी त्यांनी मागितली. महिन्यातील एका रविवारी गावातील सात-आठ डॉक्टर जमतात. एरवी तेथे औषधांची आणि मुलांच्या प्रवेशांची बोलणी होतात. वहिनींनी होकार दिला. एक अट घातली, की त्या तरुण डॉक्टरासही बोलवावे आणि त्याला एकट्याला धरू नये. पुढे डॉक्टरांनी सांगितले की, पहिली दहा मिनिटे कोणी बोलेना. मग त्यांतील सर्वांत वडील डॉक्टरांनी आपल्या स्वतःच्या बहिणीची गोष्ट सांगितली, आणि त्यानंतर प्रत्येकाने एकेक काढली. बैठक दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेल्यावर संपली.

ह्यातून काय बदलले, हे आम्ही मास्तरकीच्या सवयीने विचारले. साठीपुढील पुरुषाचे रक्त कमी निघाले तर ते भरून काढण्याच्या आधी ते जाते कोठे हे पाहावयाचे. लोहाने आकडा चढला म्हणून प्रश्न सुटला असे धरावयाचे नाही. (ब्रिटनच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत साठीपुढील अशा पांडुरोग्याचा तपास तातडीने करावा असेच आहे, शंभरांत तिघांस कर्करोग असण्याचा संभव दिसला की तपासास लावावे, हा तिचा दंडक.) पडद्यामागील खाटेकडे बोट दाखवून "तपासावं लागेल" असे आता ते कोणाचाही थोरला भाऊ असला तरी म्हणतात, कित्येक जण उठून जातात, बहुतेक थांबतात. दोन्ही डॉक्टर एकाच कागदावर लिहितात. आणि एक लांब पाठकोरी वही घातली आहे. तीत 'पुन्हा येणे' असा रकाना आहे. रॉजर नेबर ह्या इंग्रज डॉक्टरांनी १९८७ साली ह्या सावधगिरीस सुरक्षेच्या जाळ्याचे नाव दिले. आपला अंदाज खरा असेल तर काय व्हावे, चुकला असेल तर ते कळावे कसे, आणि मग करावयाचे काय, हे डॉक्टराने रोगी खोलीत असतानाच ठरवावे, असा त्याचा आशय. सर्कशीत दोरीवर चढण्याच्या आधी जाळे बांधतात, पडल्यावर नव्हे.

तिसऱ्या खेपेचा नियमही त्यांनी घेतला आहे. इंग्लंडात २०२५ च्या सप्टेंबरात ह्यास 'जेसचा नियम' असे नाव मिळाले. २७ वर्षांची एक तरुणी २०२० च्या डिसेंबरात कर्करोगाने गेली; त्याआधीच्या सहा महिन्यांत तिने आपल्या दवाखान्याशी वीसांहून अधिक वेळा संपर्क साधला होता. तिच्या आईवडिलांनी हा विषय सोडला नाही, म्हणून हा नियम झाला. तीच तक्रार घेऊन किंवा ती वाढवून मनुष्य तिसऱ्यांदा आला की मागचे निदान बाजूस ठेवून नव्याने विचार करावयाचा, एवढाच तो आहे. वाचताना साधा वाटतो. दादांच्या बाबतीत तो पाळला असता तर तो दिवस ऑक्टोबरातील होता.

येथे एक उलटे भयही आहे. दुधाने तोंड पोळले म्हणजे मनुष्य ताकही फुंकून पितो. एकदा हात पोळलेला डॉक्टर प्रत्येक पोटदुखीस स्कॅन लिहू लागला तर अर्धी पेठ कर्जबाजारी होईल, आणि ज्याला खरी गरज तो रांगेत मागे राहील. आमच्या डॉक्टरांनीही पहिले काही महिने हेच केले, असे ते हसत कबूल करतात. बैठकीतील एका वडीलधाऱ्या डॉक्टरांनी त्यांस सांगितले की, तू शिकला नाहीस, घाबरला आहेस. ह्या दोहोंतील भेद आम्हांस पस्तीस वर्षांच्या नोकरीत पुरता कळला होता असे वाटत नाही. छडी खाऊन पाढे म्हणणारी मुले आम्ही हुशार समजत होतो.

गेल्या महिन्यात आमचेही नाव त्या पाठकोऱ्या वहीत होते. आवाज बसला होता, तीन आठवडे झाले होते. डॉक्टरांनी औषध देताना तारीख सांगितली होती, आणि आम्ही ती सोयीस्करपणे विसरलो. दवाखान्यातून फोन आला, "सर, तुम्ही बारा तारखेला येणार होता." सुट्टीला आलेल्या पुतण्याने गाडी काढली. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे दुर्बिणीने पाहून घेतले. काही निघाले नाही. परत येताना अहवाल दाखविण्यास आम्ही आमच्या डॉक्टरांकडे थांबलो. त्यांनी तो वाचून आपल्या वहीत आमच्या नावापुढे काही लिहिले आणि विचारले, "बाहेर गाडीत कोण आहे?" आम्ही सांगितले. ते उठून दारापर्यंत गेले आणि थांबले. पुतण्या काच वर करून बसला होता. अद्याप तो त्या दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि आम्ही त्यास आग्रह करीत नाही.